'तुरळक' म्हणजे थोडा नव्हे

हस्त नक्षत्राच्या सुमारास सोयाबीन कापणीस येते आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या पत्रकाकडे सर्वांचे डोळे लागतात. 'वाशीम जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस' एवढे ऐकून आमचे पुष्कळ बंधू 'थोडासा पडेल' असा अर्थ घेतात व सुड्या उघड्या ठेवतात. हा अर्थ आम्हांस सर्वस्वी चुकीचा वाटतो. 'तुरळक' हे विशेषण ठिकाणांचे आहे, पावसाचे नव्हे. खात्याच्या परिभाषेत एकूण केंद्रांपैकी चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस होणे म्हणजे 'तुरळक', त्यापुढे निम्म्यापर्यंत 'काही ठिकाणी'. त्या चतुर्थांशात शिरपूर सापडले, तर येथे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक, म्हणजे महसुली दप्तरातील अतिवृष्टीसुद्धा होऊ शकते. आणि भिजल्या सुडीतील शेंगांस कोंब फुटण्यास फार दिवस लागत नाहीत. उलट रिसोडास झोडपले व शिरपूर कोरडे राहिले, की पारावर 'भाकीत खोटे' असा निकाल! वस्तुतः ते खरेच ठरलेले असते. वर्तमानपत्रेही मथळ्यातून 'ठिकाणी' हा शब्द गाळून घोटाळा वाढवितात. म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पत्रक लिहिताना शब्दाशेजारी त्याचे प्रमाण लिहावे, अशी आमची सूचना आहे. तूर्त, 'तुरळक' वाचताच ताडपत्री शेतात न्यावी.