दातांचे तातडीचे दुखणे आणि फॅमिली डॉक्टरचे कर्तव्य

दात हा दंतवैद्याचा प्रांत आहे, फॅमिली डॉक्टरने फार तर प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स व वेदनाशामक गोळी द्यावी आणि बाकीचे सकाळवर सोपवावे, ही समजूत मुंबईच्या उपनगरांत रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनीही इतकी मान्य करून टाकली आहे की तिच्यातील दोन्ही प्रमाद सहसा तपासलेच जात नाहीत.

पहिल्या प्रमादाला कायद्याचा आधार दिला जातो, पण तो टिकत नाही. नोंदणीकृत दंतवैद्याखेरीज इतरांना दंतचिकित्सेचा व्यवसाय करण्यास मनाई करणाऱ्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानेच नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला त्या मनाईतून वगळले होते. यावरून फॅमिली डॉक्टरने दाढा उपटाव्यात असे कोणी म्हणणार नाही; परंतु ‘हे आमचे काम नाही’ या उत्तरामागे तो कायदा उभा नव्हता, एवढे निश्चित.

दुसरा प्रमाद अधिक घातक आहे, कारण तो उपचाराच्या वेषात येतो. कीड दाताच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे नसा व रक्तवाहिन्या असलेल्या मऊ भागापर्यंत पोहोचली की तेथे सूज येते आणि कठीण कवचात कोंडलेल्या त्या सुजेला पसरायला जागा नसल्यामुळे ठणका असह्य होतो. ही कळ प्रतिजैविकाने थांबत नाही. गाभा मेल्यावर तर तेथील रक्तपुरवठाच तुटतो, त्यामुळे रक्तातून जाणारे औषध त्या जागी पोहोचत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनीही, एरवी निरोगी असलेल्या प्रौढाच्या अशा बहुतेक दुखण्यांत प्रतिजैविक टाळून दातावरच उपचार करावा, असे सांगितले आहे. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर प्रतिजैविक हवेच, पण दातावरील उपचाराच्या जोडीला. वेदनाशामकाच्या बाबतीत मात्र फॅमिली डॉक्टरचेच पारडे जड आहे: कोणाचे मूत्रपिंड अधू आहे, कोण रक्त पातळ करणारी गोळी घेतो, पावसाळ्यात कोणाच्या तापात डेंग्यूची शंका घ्यावी, हे त्याला ठाऊक असते, आणि आयब्युप्रोफेन द्यावे की पॅरासिटामॉलवर भागवावे हे त्या माहितीवरच ठरते.

आता उपनगरांची स्थिती पाहावी. नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला, शासकीय दंत महाविद्यालय फोर्टात. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यांत खासगी दंतवैद्य पुष्कळ असले तरी रात्री व रविवारी त्यांचे दवाखाने बहुधा बंद असतात. मैदानात पडून मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट निखळला, तर त्याला हाडाशी जोडणाऱ्या तंतूंतील पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात, आणि बोरिवलीहून मुंबई सेंट्रल गाठेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. म्हणून मुळाला हात न लावता दात वरच्या पांढऱ्या भागाकडून धरून, घाण असल्यास न घासता सलाईनने क्षणभर धुऊन जागच्या जागी बसवणे, आणि ते शक्य नसेल तर थंड दुधात घालून मुलासोबत पाठवणे, हे काम नाक्यावरच्या दवाखान्यातच झाले पाहिजे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, कारण त्याखालच्या पक्क्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते.

याहून निकडीची अवस्था म्हणजे खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखालच्या जागेत उतरणे. लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये वर्णिलेला हा विकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी लाकडासारखा टणक होतो, जीभ वर उचलली जाते, लाळ गिळवत नाही, आवाज बदलतो. अशा रुग्णाला दंतवैद्याचा पत्ता लिहून देणेही चूकच. श्वासमार्ग बंद होण्याआधी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, त्याला आडवे न करता, कूपर किंवा राजावाडीसारख्या मोठ्या रुग्णालयात पोहोचवले पाहिजे.

शिवाय खालच्या जबड्यातली कळ दर वेळी दाताचीच असते असेही नाही. जिना चढताना वाढणारी, थांबल्यावर ओसरणारी किंवा घाम फोडणारी कळ हृदयाचीही असू शकते, आणि ईसीजीचे यंत्र दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी सहसा नसते. ते असलेच तर फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात असते.