भात सोडायचा का? आधी गणित मांडू, मग ठरवू



लेखाचं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकते. भात सोडू नका. पण तिन्ही त्रिकाळ नुसत्या भातावर राहू नका, आणि वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला तर नुसत्या तांदळाच्या पेजेवर अजिबात ठेवू नका. आता हे उत्तर का, ते सविस्तर सांगते. "मॅडम म्हणाल्या" एवढ्यावर कुणी घरातलं जेवण बदलू नये आणि तसंच चालूही ठेवू नये.

हा विषय घ्यायचं कारण म्हणजे पालकसभा. हल्ली तिथे अभ्यासापेक्षा तांदळावर जास्त प्रश्न येतात. "तांदूळ प्लास्टिकचा आहे का?", "तांदळात विष असतं म्हणे, खरं का?" मोबाईलवर एखादा व्हिडिओ येतो आणि दुसऱ्या दिवशी चार मुलं खिचडीचं ताट बाजूला सारतात. हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

दोन वेगळ्या गोष्टी, एकच भीती

पहिली गोष्ट प्लास्टिकच्या तांदळाची. शाळेच्या किंवा रेशनच्या तांदळात काही दाणे जरा वेगळे दिसतात. रंग थोडा वेगळा, कधी पाण्यात तरंगतात. हे प्लास्टिक नव्हे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकारात काढलेला हा तांदूळ असतो. साधारण 100 किलो साध्या तांदळात असा 1 किलो मिसळतात. 15 ऑगस्ट 2021 च्या लाल किल्ल्यावरच्या भाषणात पंतप्रधानांनी या पोषणयुक्त तांदळाची घोषणा केली होती, तेव्हापासून तो टप्प्याटप्प्याने शाळेत आणि रेशनवर आला. दाणे निवडून फेकू नका, तेच तर पोषणाचे दाणे आहेत.

दुसरी गोष्ट मात्र अफवा नाही. तांदळात आर्सेनिक सापडतं, हे खरं आहे. आपल्याकडे जुन्या माणसांना 'सोमल' हा शब्द माहीत असतो, तो याच कुळातला. त्यातही असेंद्रिय आर्सेनिक जास्त घातक. वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर त्वचेचे विकार होतात, कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

अफवा खोडताना खरी गोष्टसुद्धा "काही नसतं हो" म्हणून उडवून लावायची सवय आपल्याला लागली आहे. ती वाईट. पालकांना उद्या दुसरीकडून खरी माहिती मिळाली, की ते आपल्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.

तांदळातच का येतं?

आर्सेनिक जमिनीत नैसर्गिकरीत्याच असतं. गहू, ज्वारीच्या कोरड्या रानात ते मातीतल्या लोहाला घट्ट चिकटून बसतं. भाताच्या खाचरात मात्र पाणी उभं असतं. मातीत हवा खेळत नाही, लोहाची पकड सुटते आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. शिवाय भाताच्या रोपाला सिलिका भरपूर लागते. सिलिका आत घ्यायचे मुळांचे जे मार्ग आहेत, त्याच मार्गाने हे आर्सेनिकही आत शिरतं. दारातून पाहुण्याबरोबर चोर शिरावा तसं.

सिंचनाचं पाणीच आर्सेनिकचं असेल तर भर पडते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात हेच झालं. तलावाचं गढूळ पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत होती, म्हणून 1970 च्या दशकापासून तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण खालच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. 1983 मध्ये कोलकात्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे आलेल्या रुग्णांमुळे ते उघडकीला आलं. तेच पाणी पिण्याला, तेच भातशेतीला आणि तेच भात शिजवायला. तिथल्या लोकांचं दुखणं आणि आपल्या ताटातला धोका एकाच मापाने मोजता येणार नाही, पण दुर्लक्ष केलं तर काय होतं हे तिथून शिकता येतं.

"मग शेतकऱ्यांनी खाचरात पाणी ठेवू नये" असं म्हणणं सोपं आहे. पाणी आलटून पालटून दिलं तर आर्सेनिक कमी होतं, हे खरं. पण शेत जास्त कोरडं राहिलं तर दुसरा जड धातू, कॅडमियम, दाण्यात वाढू शकतो. जपानमध्ये तोयामा भागात खाणीच्या पाण्यातून कॅडमियम भातात उतरलं आणि लोकांची हाडं ठिसूळ झाली. त्या दुखण्याचं नावच मुळी 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय'. तेव्हा दोष शेतकऱ्याच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

आता गणित

आपण शिक्षक, आकड्यांशिवाय कसं चालेल? अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स संस्थेने 2014 मध्ये पॉलिश केलेल्या तांदळासाठी असेंद्रिय आर्सेनिकची कमाल मर्यादा ठरवली, किलोला 0.2 मिलिग्रॅम. म्हणजे 200 मायक्रोग्रॅम. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारात रोज 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. तांदूळ अगदी मर्यादेच्या काठावरचा आहे असं धरलं, तर 100 ग्रॅममध्ये 20 मायक्रोग्रॅम.

हे जास्त की कमी? पाण्याशी ताडून बघा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे काठावरच्या तांदळाचा एका वेळचा भात हा काठावरच्या 2 लिटर पाण्याएवढा. बांगलादेशात पाण्याची मर्यादा अजून लिटरला 50 आहे. तिथे त्या मर्यादेतलं 2 लिटर पाणी प्यायलं तरी 100 मायक्रोग्रॅम पोटात जाऊ शकतात, भात वेगळाच.

यातून दोन गोष्टी कळतात. जिथे पाणी खराब, तिथे आधी पाणी सुधारायला हवं, भातावर चर्चा नंतर. आणि जिथे पाणी चांगलं, तिथे आर्सेनिकचा मोठा वाटा भाताकडून येऊ शकतो. तो थोडा असला तरी थोडा म्हणजे शून्य नव्हे.

अजून एक भागाकार करा. 60 किलोच्या बाबांनी आणि 20 किलोच्या मुलीने एकेक वाटी सारखाच भात खाल्ला. वाटी तीच, पण मुलीच्या वजनाच्या मानाने तिचा वाटा तिप्पट झाला. म्हणूनच युरोपीय संघाने 2016 मध्ये आणि अमेरिकेने 2020 मध्ये बाळांच्या तांदूळ-आहारासाठी किलोला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे कोडेक्सच्या निम्मी मर्यादा घातली. मोठ्यांसाठी चिंता बेताची, लहानग्यांसाठी जास्त. माझं सगळं म्हणणं या भागाकारावर उभं आहे.

बाळाच्या वाटीत काय घालायचं?

आपल्याकडे सहा महिन्यांनंतर बाळाला पहिला घास कशाचा? बहुतेक घरांत तांदळाच्या पेजेचा किंवा मऊ भाताचा. पचायला हलका, म्हणून बरोबरच आहे. चूक होते ती पुढे. वर्ष झालं, सव्वा वर्ष झालं, तरी सकाळी पेज, दुपारी गुरगुट्या भात, रात्री पुन्हा मऊ भात. बाळ गिळतंय ना, मग झालं!

इथे बदल करा. एका वेळेला भात, दुसऱ्या वेळेला नाचणीचं सत्त्व, तिसऱ्या वेळेला ज्वारीची पेज किंवा रव्याची खीर. मुगाची डाळ, गाजर, भोपळा त्यात येऊ द्या. आर्सेनिकचा विषय बाजूला ठेवला तरी हा बदल फायद्याचाच आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात ते नावापुरतं. एका दगडात दोन पक्षी.

शिजवायचं कसं?

आजीला विचारा, भात 'वेळणे' म्हणजे काय. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात भात शिजवायचा आणि जास्तीचं पाणी ओतून टाकायचं. कुकर आला आणि ही रीत मागे पडली. तांदळाच्या सहा ते दहा पट पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं, तर असेंद्रिय आर्सेनिक 40 ते 60 टक्के कमी होतं, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं आहे. इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठाने 2020 मध्ये आणखी सोपी रीत मांडली. एक वाटी तांदळाला चार वाट्या पाणी उकळून त्यात तांदूळ पाच मिनिटं शिजवा, ते पाणी फेका, मग नवं दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर झाकून शिजवा. या रीतीने पांढऱ्या तांदळातलं आर्सेनिक 70 टक्क्यांहून जास्त घटलं.

चार गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

एक, नुसतं धुऊन फारसं कमी होत नाही. धुवायचं ते धूळ-कचऱ्यासाठी.

दोन, आर्सेनिकसाठी भात वेळणार असाल तर ते पाणी पिऊ नका. कोकणात ते आवडीने पितात, पण जे दाण्यातून गेलं ते त्या पाण्यातच गेलं.

तीन, पाण्याबरोबर काही ब-जीवनसत्त्वंही वाहून जातात. म्हणून सोबत डाळ, उसळ, पालेभाजी हवीच.

चार, शिजवायचं पाणी स्वच्छ हवं. आर्सेनिक उकळून जात नाही, उलट खराब पाण्यातलं आर्सेनिक भातच शोषून घेतो.

आणि हो, "ब्राऊन राईस खा, तो आरोग्याला चांगला" असं शहरात सांगतात. त्यात तंतू जास्त हे बरोबर. पण आर्सेनिकही कोंड्यात जास्त साठतं. मोठ्यांनी अधूनमधून खायला हरकत नाही, बाळासाठी मात्र पांढराच बरा.

"आमचे आजोबा भातच खायचे"

हे वाक्य प्रत्येक सभेत येतं. नीट बघितलं तर देशावर आणि मराठवाड्यात आजोबा भाकरी खायचे, भात सणावाराला. कोकणात भात रोजचा, पण सोबत नाचणीची भाकरी, वरी, कुळीथ होतेच. म्हणजे आजोबांचं नाव घ्यायचं तर त्यांचं अख्खं ताट घ्या, नुसता भात नको.

दुसऱ्या बाजूचे म्हणतात, "धोका आहे ना, मग बंदच करा." त्यांना माझं सांगणं असं. आमच्या शाळेत तिसरीतल्या एका मुलीने आठवडाभर खिचडी खाल्ली नाही. घरी व्हिडिओ बघितला होता. ती खिचडीऐवजी पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आणायची. आई-वडील पहाटे कामाला जातात, दुपारचं गरम जेवण तिला शाळेतच मिळतं. दूरच्या, थोड्या धोक्यापासून वाचवायला जाऊन तिचा रोजचा घास गेला होता. ज्या घरात पर्याय आहे, त्याने भात सोडला तर त्याच्या ताटात दुसरं काही येतं. ज्या घरात नाही, तिथे ताट रिकामं राहतं. सल्ला देताना हा फरक विसरू नका. भुकेचा धोका आजचा आहे.

आणि काही शिक्षक मित्र म्हणतात, "कशाला सांगायचं, पालक घाबरतील." मला हे पटत नाही. पालक अर्धवट माहितीने घाबरतात. आकडा आणि उपाय दोन्ही हातात दिले, की घाबरत नाहीत, कामाला लागतात. त्या मुलीच्या आईला आम्ही हेच वाटीचं गणित समजावलं. आता मुलगी खिचडी खाते आणि घरी रात्रीच्या भाताऐवजी आठवड्यातून तीन-चार दिवस ज्वारीची भाकरी होते.

शाळेने काय करायचं?

शाळेचा तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. तो कुठल्या शेतातला हे ना आपल्याला कळतं ना पालकांना. म्हणून तपासणी ही घरोघरी करायची गोष्ट नव्हे, ती सरकारची जबाबदारी आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून तांदळाचा आणि शाळेच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागता येतो. पत्र द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा. एका शाळेचं पत्र फाईलला लागेल. केंद्रातल्या दहा शाळांनी दिलं तर विचारणा होईल.

वर्गात पाचवीला प्रमाण आणि मिलिग्रॅम-ग्रॅमचं रूपांतर शिकवताना हेच उदाहरण घ्या. मुलं आकडे मांडतील, घरी जाऊन सांगतील. पोराने गणित करून दाखवलं की आईबाप ऐकतात, हा आपला अनुभव आहेच.

आज रात्री भात लावाल तेव्हा पातेल्यात दोन तांबे पाणी जास्त घाला आणि शिजल्यावर ओतून टाका. उद्या सकाळी बाळासाठी नाचणी भिजत घाला. आणि शाळेतली खिचडी मुलाला पोटभर खाऊ द्या.