प्रकल्पाची फाईल जमा झाली. पण मुलाने वाचले काय?

पहिले सत्र संपत आले की तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्स सेंटरवर शाळकरी मुलांची आणि त्याहून जास्त पालकांची गर्दी होते. 'पाण्याचे प्रदूषण', 'आपला राष्ट्रीय प्राणी', 'थोर समाजसुधारक'. विषय मोबाइलवर शोधायचा, रंगीत प्रिंट काढायची, कापून फाईलमध्ये चिकटवायची आणि पहिल्या पानावर स्केचपेनने नाव टाकायचे. फाईल जमा होते, गुण मिळतात. पुढच्या सत्रात तीच फाईल धाकट्या भावाच्या नावाने पुन्हा जमा झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीसारख्या तालुक्यात हा प्रकार जास्त खटकतो. जंगल, धानाच्या बांधी, तलाव, नाटक आणि इतिहास हे सगळे तिथे शाळेच्या कुंपणापलीकडेच आहे. मुलांच्या फाईलमध्ये मात्र त्यातले काही सापडत नाही.

नियम काय सांगतो?

प्रकल्प ही शिक्षकांची हौस म्हणून आलेली गोष्ट नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षभर होणारे ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित, असे त्याचे दोन भाग. आकारिक मूल्यमापनाची आठ साधने ठरली: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि स्वयंमूल्यमापन-गटकार्यासारखी इतर साधने. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४० टक्के ठेवला गेला.

म्हणजे मूल सत्रभर काय करते, याला परीक्षेच्या तोडीचे वजन दिले गेले. कल्पना चांगली होती. पण मूल शिकत असताना पाहायचे, ही त्यातली मुख्य गोष्ट मागे पडली आणि त्याने शेवटी काय जमा केले, एवढेच तपासण्याची सवय लागली. जमा करायची वस्तू विकत मिळत असेल, तर ती विकत आणली जाणारच. मुलांना किंवा पालकांना त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही.

वाचन आणि प्रकल्प वेगळे पडले कसे?

शाळेत वाचनाचेही दिवस आहेत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी पुस्तके कपाटाबाहेर येतात, सतरंजीवर मांडली जातात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कुलपात. पुस्तक हरवले तर उत्तर कोण देणार, ही मुख्याध्यापकांची धास्ती खोटी नसते. पण कुलपातल्या पुस्तकावर नवा वाचक तयार होत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या प्रकारानुसार ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूदही आहे. तेव्हा पुस्तक अजिबातच नाही, अशी अवस्था आता कमी ठिकाणी असायला हवी. अडचण अशी, की वाचनाचा तास एकीकडे आणि प्रकल्पाची वही दुसरीकडे. वाचलेल्यातून प्रश्न निघावा, प्रश्नातून शोध आणि शोधातून काहीतरी घडवावे, ही साखळी कुठे जुळतच नाही.

'असर' या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला. त्यातच राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. त्यात आणि फेरपरीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येते. ज्या मुलाची चार वर्षे चिकटवलेल्या फाईलींवर निभावली, त्याची उणीव पाचवीत उघडी पडते. तोवर चार वर्षे निघून गेलेली असतात.

सावलीत प्रकल्पाला विषय काय?

विषयांना तोटा नाही. १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन सावलीत झाले. खुद्द गांधीजी त्याला हजर होते आणि 'गांधीवाद' नावाची काही गोष्ट नाही, आपल्यामागे कोणताही पंथ ठेवायचा नाही, असे त्यांनी इथेच सांगितले. सावली तेव्हा खादीच्या कामाचे केंद्र होती. सातवीच्या एखाद्या मुलीने गांधीजींच्या आत्मकथेतली चार प्रकरणे वाचली, मग गावात कोणाच्या घरी जुना चरखा किंवा माग उरला आहे का, हे विचारत फिरली, त्याचे चित्र काढले आणि दोन पाने लिहिली, तर त्यात भाषा, इतिहास, चित्रकला आणि कार्यानुभव असे चार विषय आले. प्रिंट एकही लागली नाही.

दुसरा विषय पाण्याचा. इंग्रजांच्या काळातला आसोला मेंढा तलाव याच तालुक्यात आहे आणि गोसीखुर्द प्रकल्पाचे पाणी आता त्याला जोडले गेले आहे. पाणी कोणत्या गावाला पोहोचते, कोणत्या गावाला नाही, का नाही? हा प्रश्न मुले रोज घरी ऐकतात. शाळेत मात्र त्यांना 'पाणी वाचवा' असे घोषवाक्य लिहायला सांगतात!

जंगलाबद्दल वाचायचे तर मारुती चितमपल्ली यांची पुस्तके आहेत, आणि गडचिरोलीच्या झाडांशी तिथल्या बायांचे नाते सांगणारे डॉ. राणी बंग यांचे 'गोईण' आहे. मोठी पुस्तके आहेत ही. पाचवीच्या मुलाला अख्खी झेपणार नाहीत. पण शिक्षकाने एक प्रकरण वाचून दाखवावे आणि मुलांनी आपल्या घराभोवतालच्या दहा झाडांची नावे आजीला विचारून लिहून आणावीत, एवढे जमण्यासारखे आहे.

शेतातला प्रकल्प

या भागात खऱ्या प्रकल्पाचा नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ मध्ये आपल्या 'पटेल' जातीच्या धानात त्यांना काही वेगळ्या पिवळसर लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढून जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. असे वर्षानुवर्षे. त्यातून तयार झालेला बारीक तांदूळ तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून बाजारात गाजला. पुढे कृषी विद्यापीठाने सुधारित वाण प्रसारित केले आणि मूळ श्रेय कोणाचे, हा वाद बराच काळ चालला. दादाजी जून २०१८ मध्ये गेले.

पाहणे, प्रश्न पडणे, वेगळे करणे, वाट पाहणे, पुन्हा तपासणे. प्रकल्प म्हणतात तो हाच. आणि श्रेयाच्या वादातून मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येते: जे पाहिले त्याची तारखेसह लेखी नोंद ठेवली, तर ती उद्या कामाला येते. एका सत्राची नोंदवही इथून सुरू होऊ शकते. विदर्भात शाळा उर्वरित राज्याच्या नंतर सुरू होतात, आणि त्याच सुमारास धानाचे पऱ्हे टाकले जातात. रोवणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात, ही तक्रार जुनीच आहे. मुले बांधीत असतीलच, तर दर आठवड्याला रोपाची उंची मोजून लिहायला काय हरकत आहे? दिवाळीपर्यंत आलेख तयार होतो.

बोलीला लाल शाई का?

झाडीपट्टीतली मुले पाण्याला 'पानी' आणि डोळ्याला 'डोरा' म्हणतात. पहिल्याच स्वतंत्र लेखनावर लाल गोल पडले, की मूल पुन्हा पाठ्यपुस्तकातली वाक्ये उतरवू लागते. त्याच बोलीच्या प्रदेशातली रंगभूमी दरवर्षी दिवाळीनंतर गावोगावी रात्र रात्र गर्दी खेचते. त्या रंगभूमीवरच्या कामासाठी गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या मुलांनी दंडार पाहिली आहे, त्यांना धड्याचे दहा मिनिटांचे नाटक लिहायला सांगून पाहावे. पहिला मसुदा बोलीत, दुसरा प्रमाण मराठीत, असा साधा क्रम ठेवला तर शुद्धलेखनाचेही नुकसान होत नाही. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलांना तर पहिल्या मसुद्याची ही सूट आणखी गरजेची आहे.

शिक्षकांना वेळ कुठे आहे?

हा आक्षेप रास्त आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत एकेकाकडे दोन-तीन वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे. अशा शिक्षकाला प्रत्येक विषयाचा वेगळा प्रकल्प तपासायला लावणे म्हणजे फाईलींना आमंत्रणच. म्हणून विषयागणिक प्रकल्प बंद करून सत्राला एकच प्रकल्प ठेवावा आणि त्याचेच गुण सगळ्या संबंधित विषयांत धरावेत. फाईल घरी न्यायची नाही, काम वर्गातच करायचे. शेवटी मुलाने पाच मिनिटे उभे राहून काय वाचले, काय पाहिले आणि काय कळले नाही, ते सांगायचे. प्रिंट काढून आणणाऱ्याची फजिती तिथेच होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दहा दप्तरमुक्त दिवस याच कामाला वापरता येतील.

घरी काय करता येईल?

ज्या मोबाइलवर ही बातमी वाचली जाते आहे, तोच पुरतो. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक मोफत उपलब्ध आहेत. 'स्टोरीवीवर'वर मराठीत आणि गोंडीतही चित्रगोष्टी आहेत. आठवड्यातून दोन गोष्टी मुलाने मोठ्याने वाचाव्यात आणि घरातल्या कोणीतरी ऐकाव्यात. आजोबांना धानाच्या जुन्या जाती विचारून त्यांचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करावे आणि मग ते मुलाने स्वतः ऐकून वहीत उतरवावे. अक्षर वाकडे येईल, चित्रातला बैल बकरीसारखा दिसेल. पालकांनी त्याला हात लावू नये.