रिपोर्टमधला तो ठळक आकडा

दोन दिवस ताप उतरत नाही. रूममेट जबरदस्तीने लॅबमध्ये नेतो आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. एका ओळीत ठळक अक्षरांत ‘सीआरपी : ४८’. शेजारी लिहिलेलं, ५ पेक्षा कमी हवं. झालं! रात्रभर सर्च, आणि पहाटेपर्यंत तुम्हाला सहा-सात आजार झालेले असतात.

जरा थांबा. कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेली ही तीन अक्षरं म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठे जंतू शिरले, जखम झाली, सूज आली की यकृताला निरोप जातो आणि ते हे प्रोटीन भराभर बनवायला लागतं. सहा ते बारा तासांत पातळी चढू लागते, साधारण दोन दिवसांत टोक गाठते. कारण दूर झालं की सुमारे १९ तासांत निम्मी होते.

थोडक्यात, हा धूर आहे. कुठेतरी जळतंय हे तो सांगतो. चूल पेटलीय की घर, हे नाही सांगत. न्यूमोनिया, अपेंडिक्स, संधिवात, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आकडा सगळ्यांत वाढतो. तो शंभरच्या पुढे गेला तर जिवाणूंच्या संसर्गाची शक्यता वाढते, खात्री होत नाही. आणि ताप आल्या-आल्या टेस्ट केली तर तो चक्क नॉर्मलही येऊ शकतो!

याच प्रोटीनची एक बारीक मोजणीही होते, एचएस-सीआरपी. ती १ पेक्षा कमी असेल तर हृदयविकाराचा धोका कमी मानतात, ३ च्या वर असेल तर जास्त. सिगारेट, पोटावरची चरबी, दुखऱ्या हिरड्या यांनीही ती वाढते. पण सर्दी-तापात केलेल्या या टेस्टला अर्थ नाही.

खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. आकडा बघून कुणीतरी ड्रॉवरमधलं उरलेलं अँटिबायोटिक काढून देतं, आणि आपण ते गिळतो. ताप व्हायरसचा असेल तर त्या गोळीचा उपयोग शून्य. वर, अंगातले जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि उद्या खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध हात वर करतं.

म्हणून रिपोर्ट गूगलला नको, डॉक्टरांना दाखवा. एकक नीट बघा. काही लॅब लिटरऐवजी डेसिलिटरमध्ये लिहितात, तिथे ४.८ म्हणजेच हे ४८. टेस्ट पुन्हा करायची का, ते विचारा. आकडा उतरतोय की चढतोय, यातून जास्त कळतं. आणि धाप लागत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.