कावेरीच्या पाण्यात, वाटाड्याच्या शब्दावर

दसऱ्याची सुट्टी जवळ आली की बेंगळुरूतील मराठी घरांत दोन पक्ष पडतात. आजी-आजोबांचा पक्ष म्हैसूरचा दसरा, चामुंडी टेकडी आणि येताना श्रीरंगपट्टण असा ठरलेला बेत मांडतो. मुलांचा पक्ष म्हणतो, मिरवणूक काय, टीव्हीवरही दिसते. आम्हाला नदीत होडी चालवायची आहे, दोरावरून पलीकडे जायचे आहे आणि रात्री तंबूत झोपायचे आहे. आईचे मत विचारले जाते ते शेवटी, आणि तिच्या मनात एकच प्रश्न असतो: मुले पाण्यात उतरली तर त्यांच्याकडे बघणार कोण?

प्रश्न अगदी रास्त आहे. पर्यटन संस्थांच्या रंगीत पत्रकांत मात्र त्याचे उत्तर क्वचितच असते.

आल्प्समधील सरोवरांच्या काठी किंवा न्यूझीलंडच्या नद्यांवर अशा सहली गेली अनेक वर्षे चालत आल्या आहेत. एकाच मुक्कामात थोडे डोंगर चढणे, थोडे वल्हवणे, थोडे दोरखेळ आणि सोबत सतत एक जाणकार वाटाड्या. दक्षिणेत बर्फ नाही, पण नद्या आहेत, आणि बेंगळुरूकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, मंड्या जिल्ह्यात हलगूरच्या पुढे जंगल उतरून गेले की कावेरीच्या काठी भीमेश्वरी लागते. म्हैसूरच्या रस्त्याने मद्दूर, मळवळ्ळी करून जाता येते, म्हणजे आजोबांचा पक्षही अगदीच नाराज होत नाही.

भीमेश्वरीचे नाव प्रथम गाजले ते माशामुळे. कर्नाटक सरकारच्या ‘जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स’ या १९८० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने येथे गळ टाकून मासे धरणाऱ्या शौकिनांसाठी तळ उभारला. महसीर हा येथला राजा. कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर धरला होता. (हे तेच कुटुंब, ज्यांच्याकडे राजेमहाराजांनी मारलेल्या वाघांत पेंढा भरला जाई.) भीमेश्वरीच्या तळावर मात्र मासा मारायचा नाही असा नियम होता. गळाला लागला की वजन करायचे, वहीत नोंदवायचे आणि परत पाण्यात सोडायचे.

या पाहुण्यांना घेऊन नदीवर जाणारे लोक जवळच्या खेड्यांतले होते. त्यांतले काही पूर्वी चोरून मासेमारी करणारे. कोणत्या डोहात मोठा मासा बसतो, कोणत्या खडकामागे पाणी उलटे फिरते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. पगार मिळू लागला तेव्हा तेच लोक, सुरुंगाची दारू टाकून मासे मारणाऱ्यांपासून नदी राखू लागले. हा बदल कोणत्याही भाषणाने झाला नसता.

पुढे काय झाले ते महाराष्ट्रातल्या वाचकांनी मुद्दाम वाचावे. लोणावळ्याला वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीचे मत्स्यबीज केंद्र आहे. नामशेष होत चाललेला महसीर वाचावा म्हणून १९७० च्या दशकापासून तेथे निळ्या परांच्या महसीराची पिल्ले वाढवली गेली आणि देशभरच्या नद्यांना दिली गेली. कावेरीतही ती सोडण्यात आली. हेतू चांगलाच होता. परंतु कावेरीचा मूळचा, पाठीवर कुबड असलेला महसीर निराळा. नदीच्या या पट्ट्यातील मासेमारीच्या जुन्या वह्यांतील १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा दिसले की बाहेरून आलेला मासा वाढत गेला आणि घरचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला. २०१८ मध्ये या कुबडाच्या महसीराची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. पाहुण्यांच्या हौसेखातर ठेवलेली वही नसती तर हे कोणाला कळलेही नसते.

दरम्यान नदीचा हा पट्टा १९८७ पासून कावेरी अभयारण्यात असल्याने वन्यजीव कायद्याचा आधार घेऊन येथली गळाची मासेमारी बंद झाली. तळाने मग आपले रूप बदलले. आता येथे कयाक आहे, वेताच्या टोपलीसारखी गोल होडी आहे, झिप लाइन आहे, झाडांमधून बांधलेले दोरांचे पूल आहेत, पहाटेची जंगलातली चाल आहे.

या सगळ्यांत मुलांना प्रथम आवडते ती गोल होडी. कन्नडमध्ये तिला हरिगोलु म्हणतात. बांबूच्या कामट्यांची विणलेली परडी, पूर्वी बाहेरून कातडे, आता ताडपत्री किंवा प्लॅस्टिक आणि वर डांबर. तिला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. नावाडी एकाच वल्ह्याने तिला सरळ नेतो, हे पाहण्यासारखे असते, कारण नवख्याने वल्हे हातात घेतले की ती जागच्या जागी गरगर फिरू लागते. काठावर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात, कधी पाणमांजरे, आणि नशीब जोरावर असेल तर संध्याकाळी पाण्यावर आलेले हत्ती. आजींनाही या होडीत बसता येते. फक्त चढताना आणि उतरताना कोणीतरी हात द्यावा.

कयाकचे तसे नाही. तेथे वल्हे आपल्या हातात. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर शिकवणी झालीच पाहिजे: वल्हे कसे धरावे, कयाक उलटली तर बाहेर कसे यावे, बाहेर आल्यावर कयाक सोडून काठाकडे धावपळ का करू नये. ज्या ठिकाणी ही शिकवणी पाच मिनिटांत उरकतात, तेथे पैसे परत मागणे उत्तम.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ.

भीमेश्वरीजवळच मुत्तत्ती नावाचे गाव आहे. तेथे मारुतीचे देऊळ आहे. कथा अशी सांगतात की वनवासात सीतामाईचे मोत्याचे आभूषण येथे नदीत पडले. मारुतीने शेपटीने पाणी ढवळून ते शोधून काढले, आणि तेव्हापासून येथे पाणी भोवऱ्यांसारखे फिरते. कथेतले पाणी खरे आहे. नदीच्या तळाशी खडक झिजून खोल खळगे पडले आहेत. वरून संथ दिसणारा प्रवाह त्यांवरून जाताना आत ओढतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढचे पाऊल टाकतो आणि तळ सापडत नाही. मुत्तत्ती, संगम आणि मेकेदाटू येथे पोहायला उतरलेली, बेंगळुरूहून एका दिवसासाठी आलेली तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. त्यांतल्या अनेकांना पोहता येत होते, हे आईबापांनी ध्यानात ठेवावे. तरण तलावात शिकलेले पोहणे या नदीत पुरत नाही.

शिवाय ही नदी आकाशाकडे बघून ओळखता येत नाही. भीमेश्वरीला कडक ऊन असते, आणि दूर कोडगूत पाऊस झालेला असतो किंवा वरच्या कृष्णराज सागर वा कबिनी धरणातून पाणी सोडलेले असते. सकाळी उघडे असलेले खडक दुपारी दिसत नाहीत. हे ज्याला खडकावरच्या ओल्या रेषेवरून कळते, तोच वाटाड्या. आपण पैसे मोजतो ते खरे तर त्याच्या या नजरेसाठी आणि तो ज्या दिवशी “आज नाही” म्हणेल त्या दिवसासाठी.

अडचण नेमकी तेथेच येते. आगाऊ पैसे भरलेले, मुलांना शब्द दिलेला, रजा संपत आलेली. मग वडीलमंडळी आवाज चढवतात, “आम्ही एवढ्या लांबून आलो, दहा मिनिटे तरी सोडा.” वाटाडा बहुधा जवळच्याच खेड्यातला, शहरी साहेबापुढे संकोचणारा. साहेबाने दोन नोटा पुढे केल्यावर त्याने नाही म्हणायचे, तर त्याच्या पाठीशी मालकही तसाच खंबीर हवा.

मालक तसा नसला तर काय होते, हे इंग्लंडने पाहिले आहे. २२ मार्च १९९३ रोजी डॉर्सेटच्या किनाऱ्यावर लाइम बे येथे एका साहस केंद्राने शाळकरी मुलांना कयाकमधून समुद्रात नेले. वारा वाढला, कयाक उलटल्या, मदत मागवायला उशीर झाला आणि ४ मुले दगावली. मुलांना नेणाऱ्या प्रशिक्षकांची तयारी त्या पाण्याला पुरेशी नव्हती, आणि केंद्र सोडून गेलेल्या दोघांनी मालकाला आधीच पत्राने धोक्याची सूचना दिली होती. १९९४ मध्ये कंपनीच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांची नोंदणी आवश्यक केली. पण नोंदणीचा कागद पाण्यात उतरत नाही.

म्हणून जागा नक्की करण्यापूर्वी फोनवर सरळ विचारावे. एका वाटाड्यामागे किती मुले? त्याला प्रथमोपचाराचे शिक्षण आहे का? लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? (मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगावर घातले की मूल खाली आणि जॅकेट वर, असे होते.) जवळचे रुग्णालय किती अंतरावर, आणि रात्री गाडी असते का? पाणी वाढले म्हणून खेळ रद्द झाला तर पैशांचे काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण पैसे परत मिळणार असतील तर आपण वाटाड्याशी हुज्जत घालत नाही. उत्तर देणारा वैतागला तर दुसरी जागा पाहावी.

दसऱ्याच्या सुमाराला पावसाळा ओसरत असला तरी पाणी भरपूर असू शकते, तेव्हा कयाकऐवजी नुसती चाल आणि दोरखेळ पदरी पडतील, ही तयारी मुलांची घरूनच करून घ्यावी. कपड्यांचे दोन जोड जास्त, पट्टा असलेल्या सँडल, टोपी, चश्म्याला दोरी. दागिने घरी ठेवावेत. हरवले तर शोधायला मारुती येणार नाही.

परतताना मळवळ्ळी तालुक्यातील तोरेकाडनहळ्ळीचे नाव मुलांना जरूर सांगावे. १९७४ पासून कावेरीचे पाणी तेथून शुद्ध करून, पंपांनी चढवत बेंगळुरूला आणले जाते. घरी पोचल्यावर ओले कपडे धुवायला नळ सोडला की येते ते त्याच नदीचे पाणी.