विश्लेषण : प्रोसेसरचा वेग केवळ गिगाहर्ट्झवर ठरतो का?

नवा फोन घेताना प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा, हे आवर्जून पाहिले जाते. मात्र वेगाचे गणित त्या एका आकड्यापुरते उरलेले नाही.

आकड्यांची शर्यत का मंदावली?
इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झच्या ‘पेंटियम ४’ची योजना रद्द केली. वेग वाढवताना विजेचा वापर आणि उष्णता आवाक्याबाहेर जात होती. त्यानंतर एकाच चिपवर अनेक ‘कोअर’ देण्याकडे कल वळला.

चिपच्या रचनेने काय साधते?
मुख्य मेमरीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसर खोळंबतो. म्हणून सतत लागणारी माहिती जवळच्या ‘कॅश’मध्ये ठेवली जाते. पुढे कोणती सूचना येईल, याचा अंदाज बांधून कामही आधीच सुरू होते. याच अंदाजाचा गैरफायदा घेऊन गोपनीय माहिती चोरता येते, हे २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ त्रुटीने दाखवले. सुरक्षेसाठी काही वेगावर पाणी सोडावे लागले.

कंपायलरचे काम काय?
प्रोग्रॅमचे रूपांतर चिपला समजणाऱ्या सूचनांत करणारे सॉफ्टवेअर म्हणजे कंपायलर. तो अनावश्यक सूचना गाळतो, उरलेल्यांचा क्रम चिपच्या सोयीने लावतो. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अॅपचा वारंवार वापरला जाणारा भाग फोन चार्जिंगला लावलेला आणि वापरात नसताना कंपाइल होतो.

ग्राहकांनी काय पाहावे?
वेगळ्या रचनेच्या दोन चिपची तुलना गिगाहर्ट्झवरून करणे फसवे ठरते. कंपायलरमधील सुधारणा आणि सुरक्षेची डागडुजी, दोन्ही अपडेटमधूनच फोनवर येतात. त्यामुळे अपडेट किती वर्षे मिळणार, हेही दुकानात विचारायला हवे.