फेरी नको, मुक्काम करा

एसटीच्या गाड्या दोन तऱ्हेच्या असतात. एक फेरीची, दुसरी मुक्कामी. फेरीची गाडी गावात येते, पाच-दहा मिनिटं थांबते आणि तोंड वळवून परत निघते. मुक्कामी गाडी दिवेलागणीनंतर शेवटच्या वाडीत पोचते, रात्रभर देवळापुढच्या मोकळ्या जागेत उभी राहते आणि पहाटे तिथूनच सुटते. तिच्याबरोबर ड्रायव्हर-कंडक्टरचाही मुक्काम तिथंच. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात मी तीस वर्षं कंडक्टर होतो. सुट्टीत कुठं जावं आणि कसं जावं याबद्दल माझं जे ठाम मत झालं आहे, ते या मुक्कामांमुळे.

विदर्भातलं अकोला वेगळं. आमचं अकोले अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, प्रवरेच्या काठी. तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. संगमनेरहून नदीच्या कडेकडेनं वर या, नाहीतर घोटीहून बारीमार्गे खाली उतरा. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, याच तालुक्यात. हरिश्चंद्रगड, रतनगड, सांदण दरी, भंडारदरा धरण, रंधा धबधबा, सगळं इथंच. ही नावं पुण्या-मुंबईच्या माणसाला पाठ असतात. अकोले मात्र त्याच्या लेखी वाटेत लागणारं गाव. गाडी चहापुरती थांबते आणि पुढं जाते.

माझ्या मुक्कामाच्या एका वाडीत एक मावशी होती. पहिल्या रात्री डबा उघडून मी गाडीतच जेवायला बसलो, तर ती कंदील घेऊन आली आणि म्हणाली, "गाडीत जेवायला तू काय परका आहेस का?" सारवलेल्या पडवीत तिनं बसायला पोतं टाकलं. ताटात नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि मूठभर काळभात. त्या भाताचा वास अंगणापर्यंत येत होता. भाकरी ती हातावरच थापायची. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायची आणि मग निखाऱ्यांपुढं उभी करायची. भाकरी फुगली की बोटानं हलकेच दाबून बघायची. तिचा नवरा सांगायचा, यंदा हिरडा किती निघाला, आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, माणसं कुठून आणावी लागली, कुठला झरा आटला. पहाटे साडेपाचला गाडी निघताना ती दारात यायची. "आता पुन्हा कधी, भाऊ?" एवढंच विचारायची. मी म्हणायचो, "पुढच्या पाळीला." पाळी यायची आणि मी जायचो. तो भाग मला कळला तो अशा रात्रींमधून. दिवसा त्याच रस्त्यानं केलेल्या शेकडो फेऱ्यांमध्ये मी फक्त तिकिटं फाडली.

आज पर्यटन म्हणून आमच्याकडं जे येतं ते फेरीचं येतं. जूनचा पहिला पंधरवडा घ्या. पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर काजवे चमकतात. अख्खं झाड एका तालात पेटतं आणि विझतं. ते बघायला शनिवारी रात्री भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी शेंडी गावाच्या अलीकडं माझी गाडी दोन तास त्या रांगेत अडकली होती. गाडीत बाजारहाट करून घरी निघालेल्या बाया होत्या, एक तापानं फणफणलेलं पोर होतं. पुढं-मागं सगळ्या गाड्यांचे दिवे चालू. काजव्याचा प्रकाश हा त्याचा जोडीदाराला बोलावण्याचा इशारा असतो. त्यावर हेडलाइट आणि मोबाइलचा प्रकाश पडला की तो इशारा पोचतच नाही. अळ्या जमिनीवर, पालापाचोळ्यात वाढतात, त्यांच्यावरून बूट फिरतात. ज्याच्यासाठी एवढी माणसं आली, त्याचाच वंश ती तुडवून जातात. सोमवारी सकाळी रस्त्याच्या कडेला बाटल्या आणि कागदी ताटल्या असतात, आणि काढायला गावातलीच माणसं.

अशा पाहुण्यानं गावाला काय दिलं? खाण्याचे डबे शहरातून आलेले, पेट्रोल वाटेत भरलेलं, खोलीचे पैसे फोनवरून भलत्याच शहरात गेलेले. आमच्या तालुक्याला ही चाल नवी नाही. प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्यावर खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. त्या शेतकऱ्याच्या घामाबद्दल मला आदरच आहे. पण घाटघरला जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो, आणि त्याच डोंगरातल्या कित्येक वाड्यांत एप्रिल-मे महिन्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन उतारानं ये-जा करतात. पाणी आमच्या अंगावरून वाहून गेलं. आता पर्यटनाचा पैसाही तसाच वाहून चालला आहे. हे थांबवणं पाहुण्याच्या हातात आहे. त्यानं दोन रात्री राहावं आणि त्यातली निदान एक अकोल्यात काढावी.

तालुक्याच्या गावात काय बघायचं, असं मला पुण्यात बहिणीच्या घरी नेहमी विचारतात. सकाळी लवकर प्रवरेकाठी सिद्धेश्वराच्या देवळात जा. काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे, खांबाखांबावर कोरीव काम. उजाडताना उन्हाची तिरीप आत येते तेव्हा दगडातली बारीक नक्षी उठून दिसते. तिथून अगस्ती ऋषींच्या आश्रमात जा. इथल्या कारखान्यालाही अगस्तींचंच नाव आहे, इतका हा ऋषी आमच्या घरचा. मग आठवड्याचा बाजार गाठा. डोंगरातल्या बाया पहाटेच्या गाडीनं येऊन पोत्यावर नागली, वरई, हुलगे, रानभाज्या मांडून बसतात. भाव करू नका, भाजी कशी करायची ते विचारा. पंधरा मिनिटं सांगत बसतील. दुपारी आढळा नदीकाठी टाहाकारीचं जगदंबेचं देऊळ बघा. रावण नेत असताना सीतेनं इथं टाहो फोडला, म्हणून टाहाकारी, अशी गोष्ट गावकरी सांगतात. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती बघायला तास पुरत नाही, आणि त्या तासात तिथं दुसरा पाहुणा क्वचितच भेटतो.

दुसऱ्या दिवशी आधी विचारून कोंभाळण्याला जा. राहीबाई पोपेरे यांचं हे गाव. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईनं वाल, घेवडा, भात, नागली यांचं गावरान बियाणं जपलं. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शहरातल्या मुलाला तळहातावर पाच तऱ्हेचे वाल घेऊन बघू द्या. एक पांढरा, एक काळपट, एकावर तांबड्या रेघा. बाजारात एकाच नावानं मिळणाऱ्या दाण्याची इतकी घराणी असतात, हे त्याला तिथं कळेल. परतताना राजूरला उतरून पेढे घ्या. आणि भंडारदऱ्याच्या पाण्याकडं बघताना मुलांना राघोजी भांगरे यांचं नाव सांगा. देवगावचा हा महादेव कोळी वीर इंग्रजांशी लढला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. धरणाच्या जलाशयाला आज त्याचं नाव आहे, पण पाहुण्यांच्या तोंडी अजून आर्थर लेकच असतं.

यावर एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. आडवाटेच्या गावाचं नाव पेपरात छापलं की तिथंही गर्दी होते, मग आडवाट कसली राहिली? माझा अनुभव असा, की गावाची वाट लावते ती एकाच वेळी, एकाच जागी, एकाच रात्रीपुरती आलेली गर्दी. तीच माणसं वर्षभरात आणि तालुकाभर विखरून आली, तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत. जुलैत आवणी बघा. सप्टेंबरात सोनकीनं पिवळे झालेले डोंगर बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी बघा, तेव्हा सगळ्या खाचरांतून वास सुटलेला असतो. तालुक्यातल्याच पुरुषवाडी गावानं हे बरंच आधी करून दाखवलं. तिथं पाहुणे गावातल्या घरांत जेवतात, गावातलाच पोरगा त्यांना शिवार दाखवतो आणि पैसे त्या घरांत जातात. त्यासाठी ना मोठं हॉटेल लागलं, ना डोंगर कापावा लागला.

दुसरी शंका सोयीची. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन अशा ठिकाणी राहायचं कसं? हा प्रश्न पाहुण्यांनी सोडवायचा नाही, तो आमचा आहे. तालुक्यातल्या पुढाऱ्यांना आणि ग्रामपंचायतींना माझं सांगणं आहे की महोत्सवांचे मांडव थोडे कमी घाला. त्या पैशात प्रत्येक बाजाराच्या गावी बायकांसाठी पाण्याची सोय असलेलं स्वच्छ शौचालय बांधा. पाहुणे ठेवायला तयार असलेल्या घरांची यादी आणि दर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. काजव्यांच्या दिवसांत खासगी गाड्या खालीच थांबवा आणि वर एसटी सोडा. पन्नास माणसं एका गाडीत जातील, मुक्कामाच्या जागी दिवे विझतील, आणि माणसांना काजवे दिसतील, काजव्यांना काजवे. आणि मुक्कामी गाड्या काही झालं तरी बंद पडू देऊ नका. त्या गाडीनं डोंगरातली पोरं कॉलेजात येतात, आजारी माणूस दवाखान्यात पोचतो, आणि त्याच गाडीनं पाहुणाही येऊ शकतो.

वाचकांना विनंती एवढीच, की एकदा गाडी घरी ठेवून या. १९४८ साली पहिली एसटी पुण्याहून निघाली ती आमच्याच जिल्ह्यात, नगरला आली होती. २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही. शेजारच्या सीटवरची बाई तुमच्या मुलीला मांडीवर घेईल, कुठं उतरायचं ते सांगेल, कदाचित घरीही नेईल.

गेल्या मे महिन्यात मी बहिणीच्या नातवाला घेऊन त्या वाडीत गेलो. तो दहा वर्षांचा, आजवर डोंगर त्यानं गाडीच्या काचेतून बघितलेले. संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं आम्ही पोचलो. मावशी आता वाकली आहे, भाकरी सून थापते. सकाळी पोरगा सुनेबरोबर झऱ्यावर गेला आणि कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, अर्धी सांडत घेऊन आला. दिवसभर तो खाचराच्या बांधावर हिंडला. इथं चिखलात उभं राहून रोपं लावतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दोन रात्री राहिलो. तिसऱ्या पहाटे गाडी सुरू झाली तेव्हा मावशी काठी टेकत दारात आली. या खेपेला तिनं मला विचारलं नाही. पोराच्या गालावर हात ठेवून त्याला विचारलं, "आता पुन्हा कधी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, "आवणीला."